आधी फोटो कुठे आहेत ते शोधा, सॉफ्टवेअरचं मग बघू

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी मुलुंडला राहते, बँकेतून मागच्याच वर्षी रिटायर झाले. घरात फोटो किती आहेत देव जाणे, चाळीसेक हजार तरी असतील. जुन्या लॅपटॉपवर पिकासा आहे, त्यात २००७ ते २०१५ चे सगळे अल्बम करून, चेहऱ्यांना नावं देऊन नीट ठेवलेत. त्यापुढचे गुगल फोटोजमध्ये आहेत आणि ते भरलंय म्हणून रोज मेसेज येतो. शिवाय एक हार्डडिस्क, पिशवीभर सीड्या आणि मामंजींच्या वेळचे, गिरगावच्या चाळीतले तीन अल्बम. भाचा म्हणतो लाइटरूम घे, मुलगा म्हणतो गुगलला पैसे भर आणि विषय संपव. मध्ये फोनमध्ये जागा व्हावी म्हणून फोटो डिलीट केले तर ते गुगलमधूनही गेले. लेकाच्या मुंजीचा एक फोटो मी पिकासात क्रॉप करून सेव्ह केला होता, त्यात सासूबाई आता अर्ध्याच दिसतात, मूळ फोटो सापडत नाही. मिस्टर म्हणतात लॅपटॉप भंगारात दे. हे शिकायचं माझं वय आहे का? आणि नेमकं कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?

उत्तर

ताई, वयाचा मुद्दा आधी बाद करू. ज्या बाईने आठ-नऊ वर्षांचे फोटो पिकासात अल्बम करून लावले, वर प्रत्येक चेहऱ्याला नाव दिलं, तिला हे येतंच, फक्त मधल्या काळात दुकानं बदलली. आणि लॅपटॉप भंगारात अजिबात देऊ नका, निदान हे उत्तर पूर्ण वाचून होईपर्यंत तरी नाही, मिस्टरांना सांगा आत घबाड आहे.

सॉफ्टवेअर कुठलं घेऊ ह्याचं उत्तर द्यायला मला दोन मिनिटं लागतील, पण ते आत्ता दिलं तर तुम्ही चौथ्या ठिकाणी फोटो भरायला लागाल आणि पुढच्या दिवाळीत परत हेच पत्र लिहाल. तर आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवूया. फोटो म्हणजे फाइल, ती कुठल्यातरी डिस्कवर असते. आणि पिकासा, लाइटरूम वगैरे मंडळी म्हणजे त्या फाइलींची यादी. जुन्या वाचनालयात लाकडी खणांतून कार्डं असायची ना, पुस्तकाचं नाव, लेखक, कुठल्या कपाटात आहे ते लिहिलेली, तसंच. पुस्तक कपाटात, माहिती कार्डावर. कार्ड फाटलं म्हणून पुस्तक जात नाही, पण कुणी गुपचूप पुस्तक दुसऱ्या कपाटात ठेवलं तर कार्ड बघून ते सापडत नाही. फोटोच्या सॉफ्टवेअरमधल्या निम्म्या रडारडीचं कारण एवढंच असतं.

पिकासाचंच घ्या. गुगलने ते २००४ मध्ये विकत घेतलं आणि २०१६ च्या मार्चमध्ये कॉम्प्युटरवरच्या पिकासाचं काम थांबवलं. त्यामुळे तुमच्याकडे जे आहे ते चालतं पण त्यात आता काही सुधारणा होत नाही, उद्या नवीन लॅपटॉपवर ते नीट चालेलच ह्याची कुणी हमी देणार नाही. फोटो स्वतः सुखरूप आहेत, साध्या फोल्डरमध्ये पडलेत. पण तुम्ही केलेली मेहनत, म्हणजे अल्बम कुठले, कुठला चेहरा कुणाचा, काय क्रॉप केलं, हे बरंचसं पिकासाच्या स्वतःच्या यादीत आणि प्रत्येक फोल्डरमध्ये लपलेल्या 'पिकासा डॉट आयएनआय' नावाच्या छोट्या फाइलीत असतं. नवीन सॉफ्टवेअरला ती भाषा कळेलच असं नाही. म्हणून फक्त फोटो कॉपी करून लॅपटॉप भंगारात दिला असतात तर फोटो राहिले असते आणि तुमची आठ वर्षांची कारागिरी भंगारवाल्याबरोबर गेली असती.

आता मुंजीचा फोटो, कारण मला वाटतं पत्रातली खरी बोच ती आहे. पिकासात फोटो क्रॉप केला की मूळ फाइलीला हात लागत नाही, 'इथून इथपर्यंत दाखव' एवढी सूचना तेवढी लिहून ठेवली जाते. पण तुम्ही म्हणताय सेव्ह केला, तर त्या वेळी पिकासा बदललेला फोटो फाइलीत लिहितो, आणि हे महत्त्वाचं, मूळ फोटो न पुसता त्याच फोल्डरमधल्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये हलवतो. त्या फोल्डरचं नाव 'पिकासा ओरिजिनल्स', नावाच्या सुरुवातीला एक टिंब असतं, फार जुनं पिकासा असेल तर नुसतं 'ओरिजिनल्स'. तर लॅपटॉपवर ज्या फोल्डरमध्ये मुंजीचे फोटो आहेत तो साध्या विंडोज एक्सप्लोररमध्ये उघडा, वर 'व्ह्यू' मध्ये जाऊन 'हिडन आयटम्स' वर टिक करा (खूप जुनं विंडोज असेल तर ही सोय 'फोल्डर ऑप्शन्स' मध्ये सापडेल), आणि एक फिकट रंगाचा फोल्डर उगवतो का बघा. उगवला तर आत सासूबाई अख्ख्या असण्याची खूप शक्यता आहे. तो फोटो तिथून लगेच दुसरीकडे कॉपी करून ठेवा, कट करू नका, कॉपी. फोल्डर रिकामा असेल किंवा नसेलच तर मग मधल्या काळात कुणीतरी फोटो एकीकडून दुसरीकडे नेताना लपलेला भाग मागे राहिला असणार, अशा वेळी ती हार्डडिस्क आणि सीड्यांची पिशवी काढा, २००७-०८ च्या सुमाराला लोक सगळं सीडीवर टाकायचे आणि त्या सीडीवर क्रॉप करायच्या आधीची कॉपी असू शकते.

चेहऱ्यांच्या नावांचंही काम लॅपटॉप चालू आहे तोवर करून घ्या. पिकासाची ३.९ आवृत्ती असेल तर 'टूल्स' मधल्या 'ऑप्शन्स' मध्ये 'नेम टॅग्ज' चा कप्पा आहे, तिथे नावं फोटोतच साठवण्याचा पर्याय चालू करता येतो, आणि जुन्या फोटोंसाठी 'टूल्स' मध्येच 'एक्सपेरिमेंटल' खाली चेहरे फोटोत लिहायची सोय आहे. असं केलं की नाव त्या फाइलीच्या आत जाऊन बसतं आणि मग दुसरं सॉफ्टवेअर ते वाचू शकतं. आधी सगळ्या फोटोंची एक कॉपी बाहेरच्या डिस्कवर घ्या, मग एका फोल्डरवर करून बघा, मग बाकीच्यांवर. आणि जे अल्बम खरंच महत्त्वाचे आहेत, मुंज, लग्न, आजोबांची पंच्याहत्तरी, ते पिकासातून 'एक्सपोर्ट' करून वेगळ्या फोल्डरमध्ये काढा, म्हणजे तुम्ही केलेला उजेड-रंग-क्रॉप सगळं पक्कं होऊन बाहेर येईल. सगळेच्या सगळे अल्बम एक्सपोर्ट नका करू, फोटो दुप्पट होतील आणि पुढची दोन वर्षं डुप्लिकेट शोधण्यात जातील.

हे झालं, दहा-वीस फोटो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघितले, नावं दिसली, की मिस्टरांना काय तो लॅपटॉप द्यायचा तो द्या. डिस्क काढून घेऊन.

आता गुगल फोटोज. फोनमधून डिलीट केले आणि गुगलमधूनही गेले, ह्यात बिघाड काही नाही, ते तसंच चालतं. बॅकअप चालू असताना त्या ॲपमध्ये तुम्ही डिलीट दाबता तेव्हा ॲपला कळतं ते असं की हा फोटो ह्यांना नकोच आहे, कुठेच. फक्त फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर त्याच ॲपमध्ये 'फ्री अप स्पेस' नावाचं बटण आहे, ते फोनमधली कॉपी काढतं आणि गुगलवरची ठेवतं. दोन्ही बटणं एकाच ॲपमध्ये, काम एकदम उलटं, त्यात कुणीही फसेल. बॅकअप झालेले फोटो डिलीट केल्यावर ६० दिवस ट्रॅशमध्ये राहतात, त्यामुळे हे हल्लीच झालं असेल तर वाचत थांबू नका, आत्ता उठून ट्रॅश बघा, पत्र पळून जात नाही.

आणि मुलाला प्रेमाने सांगा की गुगलला पैसे भरून विषय संपत नाही. गुगल फोटोज हे सिंक आहे, इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं, बॅकअप म्हणजे जे इथे चुकून पुसलं तरी तिथे राहतं ते. दोन वेगळी कामं आहेत. पैसे भरण्याआधी अजून एक बघा. फुकटचे १५ जीबी हे फोटो, जीमेल आणि ड्राइव्ह मिळून आहेत. बँकेच्या स्टेटमेंटच्या पीडीएफ, कुणीतरी पाठवलेले लग्नाचे व्हिडिओ, हे सगळं त्यातच. १ जून २०२१ च्या आधी 'हाय क्वालिटी' मध्ये चढवलेले फोटो त्यात मोजलेच जात नाहीत, त्यामुळे जुने फोटो पुसून जागा होईल ह्या आशेने २०१७ चा गणपती डिलीट करत बसू नका, काही हाती लागणार नाही. जागा बहुतेक वेळा व्हिडिओंनी खाल्लेली असते. आणि सेटिंगमध्ये 'बॅकअप क्वालिटी' काय आहे ते बघून घ्या, 'स्टोरेज सेव्हर' असेल तर फोटो थोडा दाबून ठेवला जातो आणि १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा असेल तर १६ वर आणला जातो. फोनवर बघायला, अगदी अल्बम छापायलाही हे पुरेसं आहे, मला त्यात फार वावगं वाटत नाही, फक्त मूळ फाइल तुमच्याकडे डिस्कवर असली पाहिजे.

गुगलवरचे फोटो, तिथे जसे साठलेत तसे, घरी आणायचा रस्ता म्हणजे 'गुगल टेकआउट'. तिथे फक्त फोटोज निवडायचं, मोठ्या मोठ्या झिप फाइली मिळतात, उतरवायला रात्रभर वायफाय लागेल. त्यात प्रत्येक फोटोबरोबर एक जेसन नावाची चिठ्ठी येते आणि लोक ती कचरा समजून फेकतात. फेकू नका. तुम्ही गुगलमध्ये एखाद्या फोटोची तारीख बदलली असेल, खाली दोन ओळी लिहिल्या असतील, तर त्या फोटोत नसतात, त्या चिठ्ठीत असतात. एक्झिफटूल नावाचं फुकट साधन आहे, त्याने चिठ्ठीतली माहिती फोटोत भरता येते, पण ते कमांड टाइप करून चालवायचं असतं, तर हे काम भाच्याला द्या. लाइटरूम घे म्हणून सांगतो ना, मग त्याची थोडी मदतही होऊ दे.

तारखेवरून आठवलं, हे तुम्ही लिहिलं नाहीयेत पण होत असणारच. नातेवाइकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले जुने फोटो भलत्याच वर्षात दिसतात ना? २००९ चं लग्न २०२३ मध्ये? त्याचं असं आहे की कॅमेरा फोटो काढतो तेव्हा फाइलीच्या आत तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं नाव, कधी कधी जागासुद्धा लिहितो, त्या माहितीला एक्झिफ म्हणतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो आकाराने लहान होतो आणि ही माहिती गळून पडते. मग सॉफ्टवेअर बिचारं फाइल कधी आली ती तारीख धरून चालतं. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपच्या फाइलीच्या नावातच २०१९०८१२ आणि पुढे डब्ल्यूए असं काहीतरी दिसेल, ती तुमच्या फोनवर फोटो आला तो दिवस, काढला तो नव्हे. म्हणून नणंदेला, जावेला सांगून ठेवा की जुने फोटो पाठवताना पिनच्या खुणेवर जाऊन 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव. तसं पाठवलं की फाइल आहे तशी येते, तारखेसकट, पूर्ण आकारात. आमच्याकडे सगळ्यांना हे सांगून सांगून तोंड दुखलं तरी लग्नाच्या ग्रुपवर फोटो साधेच येतात, ते एक असो.

सगळं एकत्र करायचं कसं? नवीन एक बाहेरची हार्डडिस्क, त्यावर एकच मोठा फोल्डर, आत वर्षं, वर्षाच्या आत प्रसंग. नाव देताना वर्ष आधी, मग महिना, मग काय ते: '२०१४-०९ गणपती गिरगाव'. वर्ष आधी लिहिलं की कॉम्प्युटर आपोआप क्रमाने लावतो, '१२ सप्टेंबर गणपती' असं लिहिलं तर सगळ्या बारा तारखा एकत्र येऊन बसतात. आकडे इंग्रजीतले टाका, शब्द मराठीत चालतात. प्रत्येक प्रसंगाला फोल्डर हवाच असं नाही, वर्षातले आठ-दहा मोठे प्रसंग आणि बाकी 'इतर' मध्ये. चाळीस हजार फोटो, एकेक सरासरी ४ एमबीचा धरला तरी १६० जीबी होतात, म्हणजे १ टीबीच्या डिस्कवर हे सगळं व्हिडिओसकट आरामात बसावं. आणि आणताना साफसफाई करू नका! आधी सगळं गोळा, मग निवड. सुरुवातीलाच डिलीट करत बसलं की माणूस तिसऱ्या दिवशी कंटाळतो आणि काम तिथेच राहतं. फक्त व्हॉट्सॲपचे गुड मॉर्निंग आणि गुलाबाची फुलं तेवढी घरात घेऊ नका.

हे झाल्यावर सॉफ्टवेअर. तुमच्यासाठी माझं मत डिजीकॅम. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यावर चालतं, आणि चेहरे ओळखायचं काम तुमच्याच कॉम्प्युटरवर करतं, फोटो कुठे पाठवत नाही, फक्त सुरुवातीला त्यासाठी लागणाऱ्या फाइली एकदा डाउनलोड करून घेतं. दिसायला मात्र सुंदर नाही, हे आधीच सांगते, पहिल्यांदा उघडलं की इतकी बटणं दिसतात की बंद करावंसं वाटतं. त्यातलं तुम्हाला पाच टक्के लागेल. डाव्या बाजूला तुमचे फोल्डर जसेच्या तसे दिसतात, उजवीकडे कॅप्शन, टॅग, तारीख. बसवल्यावर पहिलं काम, सेटिंगमध्ये 'मेटाडेटा' मध्ये जाऊन टॅग, कॅप्शन आणि चेहऱ्यांची नावं फोटोच्या फाइलीत लिहायची टिक करून टाका. ही एक टिक केली की उद्या डिजीकॅमही बंद पडलं तरी तुमची मेहनत फोटोबरोबर राहील, पिकासाच्या वेळी झालं तसं होणार नाही. आणि त्यानंतर फोटो हलवायचे, फोल्डरचं नाव बदलायचं ते डिजीकॅमच्या आतूनच करा, बाहेरून एक्सप्लोररमध्ये जाऊन नको.

चेहऱ्यांच्या बाबतीत एक सांगते, सॉफ्टवेअर सुचवतं, ठरवत नाही. मामंजी, मिस्टर आणि तुमचा लेक ह्यांच्यात त्याचा गोंधळ होणार हे धरून चाला, एकाच घराण्यातलं नाक असतं, त्याला काय कळतंय. पाच महिन्यांचं बाळ आणि तेच पंधरा वर्षांचं पोर ह्यांनाही ते दोन माणसं समजेल. 'हे कोण?' म्हणून विचारेल तेव्हा हो-नाही दाबत जायचं. सासूबाई असतील तर त्यांना शेजारी बसवा, चाळीतल्या फोटोतल्या मागच्या रांगेतल्या बायका कोण हे त्यांच्याशिवाय कुणाला माहीत नसणार. आणि ज्यांचं नाव लागत नाही त्यांना 'माहीत नाही' नावाचा टॅग द्या म्हणजे नंतर मोठ्या आत्यांकडे जाल तेव्हा तेवढेच एकत्र काढून दाखवता येतील.

डुप्लिकेट शोधायचीही सोय डिजीकॅममध्ये आहे, किती टक्के सारखे ते ठरवता येतं. आधी शंभर टक्के सारखे तेवढेच काढा. आरतीच्या वेळी एकापाठोपाठ काढलेले चौदा फोटो हे डुप्लिकेट नसतात, त्यातल्या एकातच सगळ्यांचे डोळे उघडे असतात.

भाच्याचं लाइटरूम. वाईट नाही, उलट फार चांगलं आहे, २००७ पासून आहे आणि त्या धंद्यातली निम्मी माणसं त्यावरच बसलेली असतात. पण ते कुणासाठी आहे? जो कॅमेऱ्यावर रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने न दाबलेल्या कच्च्या फाइलीत, फोटो काढतो, ठाण्याच्या खाडीवर पहाटे जाऊन फ्लेमिंगो टिपतो, आणि एका संध्याकाळी आठशे फोटोंतून वीस निवडतो त्याच्यासाठी. साध्या जेपीईजी फोटोत, म्हणजे नेहमीच्या दाबून लहान केलेल्या फाइलीत, प्रत्येक रंगाच्या २५६ छटा असतात, रॉ मध्ये १२ किंवा १४ बिटची माहिती म्हणजे ४०९६ किंवा १६३८४. त्यामुळे काळाकुट्ट झालेला फोटो रॉ मधून उजळवता येतो, जेपीईजीमध्ये तेच केलं की ठिपके ठिपके आणि पट्टे दिसतात. तुमच्या हळदीकुंकवाच्या फोटोंना ह्याची गरज नाही. वर त्याला दर महिन्याला किंवा वर्षाला पैसे लागतात. पैसे बंद केले तर लाइटरूम क्लासिक तुमचे फोटो अडवून ठेवत नाही, बघता येतात, बाहेर काढता येतात, पण एडिटिंगचा मुख्य भाग बंद होतो. आणि तेही यादीवालंच सॉफ्टवेअर आहे, फोटो त्याच्या आत नसतात. बाहेरून फोल्डर हलवला की त्यावर प्रश्नचिन्ह येतं आणि लोक 'माझे फोटो लाइटरूमने खाल्ले' म्हणून ओरडतात. तुम्हालाच पुढे कधी कॅमेऱ्याची हौस लागली तर आधी डार्कटेबल वापरून बघा, फुकट आहे, काम तेच करतं, शिकायला मात्र कठीण.

एडिटिंगबद्दल तुम्ही फार विचारलं नाही, तरी थोडं. फोनवर स्नॅपसीड पुरे, गुगलचंच आहे, फुकट आहे. नियम एकच, बदललेला फोटो नेहमी 'कॉपी' म्हणून सेव्ह करायचा, मूळ फाइलीवर कधीच नाही. जेपीईजी उघडून, बदलून, परत सेव्ह केला की दर वेळी थोडी थोडी माहिती जाते, एकदोनदा कळत नाही, एकाच फोटोवर सतत करत राहिलात तर कडा भुरकट व्हायला लागतात. नुसतं उघडून बघितल्याने किंवा कॉपी केल्याने काही जात नाही, ही भीती बऱ्याच जणांना असते.

चाळीतले तीन अल्बम हे सगळ्यात नाजूक काम, आणि खरं तर सगळ्यात आधी करण्यासारखं, कारण डिस्कवरचे फोटो थांबतील, मुंबईच्या दमट हवेत कागद थांबत नाही. पावसाळ्यात अल्बम उघडू नका, ऑक्टोबरनंतर कोरड्या दिवसांत काढा. काळ्या पानांवर कोपरे लावलेले असतील तर फोटो अलगद निघतात. प्लास्टिकखाली गोंद असलेली पानं असतील आणि फोटो चिकटला असेल तर ओढू नका, पानासकट स्कॅन करा. स्कॅनरवर ६०० डीपीआय (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके) ठेवा, ४ बाय ६ इंचाचा फोटो त्यात २४०० बाय ३६०० पिक्सेलचा होतो, म्हणजे साधारण साडेआठ मेगापिक्सेल, परत मोठा छापायला भरपूर. निगेटिव्ह सापडल्या तर त्या वेगळ्या करून द्या, त्यांना २४०० डीपीआय तरी हवं कारण मुळात तुकडाच एवढासा असतो. आणि फोटोची मागची बाजूही स्कॅन करा! स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलने लिहिलेलं 'चि. बाळू, वय ३', हे सगळं मागेच असतं. बाहेर स्टुडिओतून करून घेणार असाल तर दोनच गोष्टी ठासून सांगा, ६०० डीपीआय आणि त्यांच्या मनाने रंग 'सुधारायचे' नाहीत, ते आपण घरी बघू. स्कॅन झाल्यावर तारीख बदलायला विसरू नका, नाहीतर १९७४ चे फोटो यंदाच्या सालात जाऊन बसतील. डिजीकॅममध्ये एकदम शंभर फोटोंची तारीख बदलता येते, किंवा विंडोजमध्ये फाइलीवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'डिटेल्स', तिथे 'डेट टेकन'. नेमका दिवस माहीत नसेल तर त्या वर्षाची १ जानेवारी टाका आणि कॅप्शनमध्ये 'अंदाजे' लिहा.

जुने रंगीत फोटो लालसर झालेले असतील. रंगीत छपाईतला निळसर रंग अल्बममध्ये मिटून ठेवला तरी बहुधा लवकर उडतो आणि मागे लाल-किरमिजी उरतो, म्हणून सगळे जण लाजल्यासारखे दिसतात. हे बरंचसं सुधारतं, गिंप नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये 'कलर्स' मध्ये 'ऑटो' खाली 'व्हाइट बॅलन्स' दाबून बघा, एका क्लिकमध्ये पाऊण काम होतं. पण फोटो साफ करून देणारी जी नवीन एआय ॲप आलीत त्यांच्याबाबतीत जरा जपून. ती अंधुक चेहरा स्वच्छ करत नाहीत, तिथे काय असेल ह्याचा अंदाज बांधून नवीन चेहरा भरतात. मामंजींच्या पापण्या, सुरकुत्या, हसताना पडणारी ती बाजूची घडी, हे फोटोत मुळात नसेल तर ॲप कुठून आणणार, ते दुसऱ्याच कुणाचं चिकटवतं आणि दिसतं मात्र झकास. भिंतीवर लावायला करायचं तर करा, पण फाइलीच्या नावात 'एआय' लिहा आणि मूळ स्कॅन वेगळा ठेवा, नाहीतर नातवंडांना पणजोबांचा चेहरा म्हणून भलताच माणूस माहीत होईल.

राहिली डिस्क. एक नाही, दोन घ्या, दोन्हीवर तेच फोटो, आणि एक मुलुंडला तर दुसरी दुसऱ्या घरी, बहिणीकडे, मुलाकडे, कुठेही पण वेगळ्या इमारतीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा तळमजल्यावरच्या किती घरांत अल्बम, सीड्या, कॉम्प्युटर सगळं एकदम पाण्यात गेलं ते मुंबईत वेगळं सांगायला नको. गुगल चालू राहू दे, ती तिसरी कॉपी. सहा महिन्यांतून एकदा दोन्ही डिस्क लावून उघडतात का बघा आणि नवीन फोटो भरा.

लॅमिंग्टन रोडला घ्यायला गेलात तर भाव करा जरूर, पण कुणी अगदी स्वस्तात '१६ टीबीचा पेनड्राइव्ह' दाखवला तर पुढे चला. असे खोटे ड्राइव्ह फिरतात, कॉम्प्युटरला १६ टीबी सांगतात, आत थोडीशीच जागा असते, आणि ती भरली की पुढचे फोटो कॉपी झालेले दिसतात पण उघडत नाहीत. नावाजलेल्या कंपनीची साधी २ टीबीची हार्डडिस्क पुरे, आणि जीएसटीचं बिल मागून घ्या, वॉरंटीला तेच लागतं.